टी... टी... टी... आणि मग गाणे!

मी मराठीचा प्राध्यापक. पक्ष्यांशी माझा संबंध आजवर कवितेपुरताच होता. चातक, चकोर, हंस, कोकिळा ही सारी मंडळी मला पुस्तकातून ठाऊक. 'कुहू कुहू' म्हणून गाते ती कोकिळा नसून कोकीळ असतो, म्हणजे गाणारा नर असतो, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा चहा पिता पिता सांगितली, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. पंधरा वर्षे मी त्या पक्ष्याला स्त्रीलिंगी विशेषणे लावून शिकवीत आलो होतो!

अशा माणसाच्या घरी गेल्या दिवाळीत पक्ष्यांची एक जोडी आली. आठ वर्षांच्या चिरंजीवांनी फटाक्यांवर पाणी सोडले आणि बदल्यात पक्षी मागितले. सौभाग्यवतींनी आधी नकार दिला. मग पिंजरा कोण साफ करणार याचा करार झाला. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून भंडाऱ्याला येणाऱ्या बसमध्ये माझ्या मांडीवर खोके घेऊन मी बसलो होतो. आपल्याकडच्या रानातले पक्षी पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे मला माहीत होते. म्हणून आणली ती झेब्रा फिंच नावाची जोडी. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियातला. पण पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढत आलेला. आकाराने चिमणीहून लहान. नराची चोच लाल-नारिंगी, गालावर तांबूस ठिपका आणि छातीवर झेब्र्यासारखे बारीक पट्टे. मादी साधी, राखी रंगाची.

पण हा पाहुणा अगदीच परका नाही. आपल्याकडे धान पिकायला लागले म्हणजे बांध्यांवरून भुर्र्कन उठणारे मुनियांचे थवे आपण पाहतो. त्यांच्याच कुळातला हा. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला हे कुळ फार आवडते असे नाही. पण नाते आहे ते आहे.

"बाबा, हा पण अडतो!"

येथे घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा मुलगा चाचरतो. चार वर्षांचा असताना एका पावसाळ्यात ते सुरू झाले. 'बाबा' म्हणताना 'ब' वर गाडी थांबे. ओठ मिटलेले, डोळे मोठे झालेले, आणि शब्द आतच. घरात दुसऱ्या कोणाला त्याचे इतके वाईट वाटले नसेल तितके मला वाटले. कारण मीही लहानपणी असाच होतो. अजूनही आहे, फक्त आता ते लपवण्याची कला मला साधली आहे. वर्गात शिरल्यावर मी आधी खडू शोधतो, चष्मा पुसतो, "हं, तर..." असे दोनदा म्हणतो. विद्यार्थी समजतात, सरांची ती लकब आहे. ती लकब नाही. ती माझी काठी आहे.

पक्षी आल्यानंतर आठवडाभराने नर गाऊ लागला. त्याचे गाणे म्हणजे बालगंधर्वांचे पद नव्हे. एखादे लहानसे खेळण्यातले पिपाणीचे यंत्र खडखडावे तसा तो आवाज. पण प्रत्येक वेळी गाणे अगदी तेच, स्वरास स्वर जुळलेले. मुलगा पिंजऱ्यासमोर बसून असे. एके सकाळी तो धावत स्वयंपाकघरात आला आणि मोठ्या मुश्किलीने, पण विलक्षण आनंदाने म्हणाला, "ब... ब... बाबा, हा पण अडतो!"

मी जाऊन पाहिले. खरेच होते. गाणे सुरू करण्यापूर्वी तो पक्षी 'टी... टी... टी. टी. टी' असे एकाच ठशाचे लहान आवाज काढी. कधी तीन, कधी पाच, कधी आठ. आणि मग एकदम गाणे! कधी कधी तर 'टी... टी' करून तो गप्पच होई. गाणे येतच नसे.

मुलाने एक वही केली आणि रोजची 'टी' मोजू लागला. मी मात्र अस्वस्थ झालो. पक्षी अडखळतो म्हणजे काय? प्राणिशास्त्राच्या मित्रांना विचारले. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, तुमच्या मुलाने बरोबर जागेवर बोट ठेवले आहे. याच 'टी-टी' वर आपल्या पुण्यात संशोधन चालते." मग त्यांनी मला बरेच काही वाचायला दिले; न समजलेले दोन-दोनदा समजावून सांगितले. त्यातले जे मला उमगले ते येथे मांडतो.

गाणे जन्मतः येत नाही

प्रथम कोकिळाचेच घ्या. तो वाढतो कावळ्याच्या घरट्यात. लहानपणी त्याच्या कानावर अखंड काव काव पडते. तरी वसंत आला की तो म्हणतो 'कुहू' च! त्याचे गाणे त्याला कोणी शिकवलेले नसते. ते जन्माबरोबर आलेले असते. कोंबड्याचे आरवणे, कबुतराचे घुमणे हेही तसेच. आमच्या कवींनी ज्याला गायकांचा राजा केले, त्याने उभ्या जन्मात एक धडाही गिरवलेला नाही!

याच्या उलट गाणाऱ्या पक्ष्यांचे मोठे कुळ आहे. बुलबुल, दयाळ, मुनिया आणि हा झेब्रा फिंच ही सारी त्या कुळातली. आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारा भृंगराजही त्यातलाच; आणि नवल म्हणजे बिचारा कावळाही शास्त्राच्या हिशेबी 'गाणारा पक्षी' च! या कुळातल्या पक्ष्यांना गाणे ऐकून शिकावे लागते. जगातल्या पक्ष्यांपैकी निम्म्याच्या आसपास जाती या कुळात येतात. पोपट आणि गुंजन करणारे हमिंगबर्ड यांनाही ही विद्या आहे. सस्तन प्राण्यांत मात्र ती फार थोड्यांना : देवमासे, डॉल्फिन, सील, वटवाघुळे, हत्ती आणि माणूस. माकड आपले इतके जवळचे नातलग. पण नवा आवाज ऐकून तो शिकून घेणे त्याला जवळजवळ जमत नाही. म्हणून मूल बोलायला कसे शिकते हे समजून घ्यायचे, तर शास्त्रज्ञ माकडाकडे न जाता चिमण्या पाखराकडे जातात.

१९५०च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिल्ले मोठ्यांचे गाणे न ऐकवता वाढवली. ती मोठी होऊन गायली; पण ते गाणे वेडेवाकडे, अपुरे होते. पुढे १९६५ साली मासाकाझू कोनिशी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पिल्लाने गुरूचे गाणे ऐकले आहे, पण स्वतः सराव करण्यापूर्वीच त्याचे कान गेले, तर त्याला ते गाणे साधत नाही. म्हणजे दोन गोष्टी लागतात : दुसऱ्याचे ऐकणे आणि मग स्वतःचे ऐकणे.

आमच्या घरातच हा पाठ आम्ही पाहिला. माघात अंडी फुटली आणि दोन पिल्ले झाली. एक मादी निघाली, एक नर. मादी गात नाही. ती ऐकते आणि पसंत-नापसंत ठरवते. नराचे पिल्लू महिन्याभराचे झाल्यावर बापाच्या शेजारी दांडीवर बसे आणि मान वाकडी करून ऐके. पुढे एक दिवस ते कोपऱ्यात एकटेच, डोळे अर्धवट मिटून, काहीतरी पुटपुटू लागले. ना सूर, ना ताल. आमची आई म्हणाली, "हा तर आपल्या तान्ह्या बारकासारखा बोबडं बोलून रायला!" आईने हे म्हटले तेव्हा तिला ठाऊक नव्हते की शास्त्रज्ञही अगदी हेच म्हणतात. या पुटपुटण्याला ते तान्ह्या मुलाच्या बोबडे बोलण्याचीच उपमा देतात. दिवस जातात तसे त्या पुटपुटण्यातून बापाच्या गाण्याचे तुकडे दिसू लागतात. आणि सुमारे ९० दिवसांचे होईपर्यंत गाणे पक्के होते. मग ते जन्मभर तेच.

मेंदूतले दोन रस्ते

हे सारे होते ते सुमारे अर्ध्या ग्रॅमच्या मेंदूत! हरभऱ्याच्या दाण्याएवढा तो मेंदू. पण २०१६ साली झालेल्या मोजणीत त्यात सुमारे १३ कोटी मज्जापेशी निघाल्या. पक्ष्यांच्या मेंदूत पेशी फार दाट बसवलेल्या असतात. 'चिमणीएवढी अक्कल' हा वाक्प्रचार आता जरा जपूनच वापरला पाहिजे.

१९७६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील फर्नांडो नोटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्याच्या मेंदूत गाण्याची केंद्रे शोधून काढली. मेंदूत गाण्यासाठी वेगळी, नकाशावर बोट ठेवून दाखवता येतील अशी ठिकाणे आहेत, हे त्यामुळे कळले. ज्या जातींत नर गातो आणि मादी गात नाही, तेथे नराची ही केंद्रे मादीच्या केंद्रांहून कितीतरी मोठी असतात, हेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

या केंद्रांचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता गाणे वाजवण्याचा. त्याच्या आरंभी एचव्हीसी नावाचे केंद्र असते. तेथून आज्ञा आरए नावाच्या केंद्रात येते, आणि तेथून खाली स्वरयंत्राच्या स्नायूंपर्यंत. पक्ष्याचे स्वरयंत्र आपल्यासारखे गळ्यात वर नसते. श्वासनळीला जेथे दोन फाटे फुटतात तेथे, छातीत खोल असते.

दुसरा रस्ता शिकण्याचा. तो एरिया एक्स आणि एलमॅन अशा नावांच्या केंद्रांतून वळसा घेऊन पुन्हा पहिल्या रस्त्याला मिळतो. पिल्लाचे ते पुटपुटणे या दुसऱ्या रस्त्यातून येते, असे २००८ साली दिसून आले. एचव्हीसी बंद पाडले तरी पिल्लू पुटपुटत राहते. एलमॅन बंद पाडले की पुटपुटणे थांबते. मोठ्या पक्ष्यात मात्र पक्के गाणे पहिला रस्ता सांभाळतो आणि दुसरा रस्ता त्यात थोडी थोडी चाळवाचाळव करीत राहतो, जणू 'असे करून पाहू का, तसे करून पाहू का' म्हणत.

एचव्हीसी चे काम तबलजीसारखे आहे. २००२ साली असे दिसले की तेथून आरए कडे जाणारी प्रत्येक पेशी सबंध गाण्यात एकाच ठराविक क्षणी, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ, खणखणते आणि गप्प होते. मग दुसरी, मग तिसरी. अशी ही साखळी गाणे पुढे नेते. २००८ साली मायकेल लाँग आणि मिशेल फी यांनी हे केंद्र किंचित थंड केले. काय झाले असेल? पक्षी बेसूर झाला नाही. सबंध गाणे विलंबित लयीत गेले! सूर तेच, क्रम तोच, ठेका तेवढा संथ. लय कोणाच्या हातात आहे हे त्यावरून ठरले.

वाचकांना वाटेल, हे गाण्याचे झाले. आपल्याला काय त्याचे? पण गाणे ही शेवटी एक हालचालच आहे. छाती, स्वरयंत्र, चोच यांची शिकलेली, क्रमवार हालचाल. सायकल चालवणे, पाटीवर 'श्री' गिरवणे, पेटीवर बोटे फिरवणे आणि बोलणे हे सारे याच जातीचे. २००८ साली एरिक जार्व्हिस यांच्या गटाने दाखवले की पक्ष्यांची गाण्याची केंद्रे हालचालींच्या केंद्रांच्या अगदी शेजारी वसली आहेत. हालचाल करण्याच्या जुन्या यंत्रणेतूनच गाणे शिकण्याची यंत्रणा निघाली असावी, असा त्यांचा तर्क आहे. शिवाय एरिया एक्स हे केंद्र मेंदूच्या ज्या खोल भागात असते, तसाच भाग आपल्या मेंदूतही आहे. हालचाल सुरू करणे, थांबवणे, क्रम राखणे यांत त्याचा हात असतो. कंपवाताच्या रोग्याचे पाऊल उंबरठ्यावर अडून राहते, पण एकदा पडले की पुढची पावले पडतात, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना 'सुरुवात' हे केवढे अवघड काम आहे ते सांगायला नको.

पुण्यातील 'टी-टी-टी'

आता आमच्या चिरंजीवांच्या वहीकडे वळतो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, जिला लोक 'आयसर' म्हणतात, डॉ. राघव राजन आणि त्यांचे विद्यार्थी झेब्रा फिंचच्या या आरंभीच्या आवाजांचा अभ्यास करीत आले आहेत. पुण्याला येण्यापूर्वी ते सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. ॲलिसन डूप यांच्याकडे होते. त्या दोघांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की हे 'टी-टी' म्हणजे नुसती पुनरुक्ती नव्हे. एका 'टी' नंतर दुसरा येतो तो थोडा लवकर येतो. तिसरा त्याहून लवकर. त्यांचा आवाजही हळूहळू एका ठराविक घाटाकडे सरकतो. मेंदूतल्या पेशींची हालचालही त्याचप्रमाणे पायरीपायरीने बदलते. आणि ती एका विशिष्ट अवस्थेला पोचली की गाणे सुरू! म्हणजे पक्षी अडत नसतो. तो तयार होत असतो.

मला एकदम आमच्या गावची दंडार आठवली. दिवाळी सरली, मंडई भरली की झाडीपट्टीत रात्ररात्र दंडारी आणि नाटके रंगतात. पडद्याआडचा नट खाकरतो, पेटीवाला एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबतो, ढोलकीवाला दोनदा थाप देऊन थांबतो. लहानपणी आम्हाला वाटे, हे उगाच वेळ काढताहेत. ते वेळ काढीत नव्हते, जुळवीत होते.

पुढे २०१८ साली राजन यांनी आणखी एक गोष्ट मांडली. पहिला 'टी' बाहेर पडण्याच्याही आधी एचव्हीसी मध्ये बदल सुरू झालेला असतो. आणि जेव्हा 'टी-टी' करूनही गाणे येत नाही, तेव्हा हा आधीचा बदल नीट झालेला नसतो. यशस्वी सुरुवात आणि फसलेली सुरुवात यांतला फरक आवाज फुटण्यापूर्वीच पडलेला असतो! २०१९ सालच्या अभ्यासात त्यांनी पाहिले की पक्ष्याला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा केला, तरी 'टी' ची संख्या आणि त्यांचा क्रम फारसा बिघडत नाही. म्हणजे ही तयारी ऐकून करायची नसून आतल्या आत करायची आहे. आणि २०२१ साली, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या सहकाऱ्यांबरोबर, त्यांनी असे दाखवले की गुरूविना वाढलेले पक्षीही गाण्याआधी असे आवाज काढतातच. पण ज्यांना गुरू मिळाला त्यांचे 'टी' गुरूसारखे होतात. तयारीची गरज जन्माची. तयारीची रीत बापाची!

हे वाचले त्या रात्री मला फार वेळ झोप आली नाही. माझे 'हं, तर...' माझ्या मुलाने उचलले आहे, हे मला माहीत होते.

चुका करण्याची जागा

आणखी दोन गोष्टी सांगतो. आईबापांनी आणि मास्तरांनी ऐकण्यासारख्या आहेत.

झेब्रा फिंच एकटा असतो तेव्हा त्याच्या गाण्यात बारीक बारीक फरक पडतात. समोर मादी आली की गाणे ठाकठीक होते, आणि त्याआधीचे 'टी' ही वाढतात. आमच्या वहीतही हेच निघाले. श्रोता समोर असला म्हणजे तयारी जास्त लागते, हे पक्ष्याला कळते. आणि एकांतात जरा इकडेतिकडे भटकायचे, चुकायचे, हेही त्याला कळते. चुकण्यासाठी त्याला एक कोपरा लागतो.

दुसरी गोष्ट अशी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विक्रम गडगकर, जेसी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाणाऱ्या पक्ष्याच्या एका स्वरावर त्यांनी अधूनमधून खरखराट सोडला, म्हणजे आपलाच सूर चुकला असे पक्ष्याला वाटावे. चूक ऐकू आली की डोपामिन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या पेशी मंदावत. आणि खरखराट येईल अशा जागी तो आला नाही, स्वर साफ लागला, की त्याच पेशी उसळत. पक्ष्याला बाहेरून ना कोणी दाणा दिला ना छडी. शाबासकी आणि दटावणी देणारा गुरुजी त्याच्या आतच बसलेला असतो.

मला बाहेरचे गुरुजी मिळाले होते. हजेरी घेताना माझे नाव आले की 'हजर' मधला 'ह' निघता निघत नसे. एका गुरुजींनी सबंध वर्गासमोर माझी नक्कल केली. "ह... ह... हजर का गैरहजर?" वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी नाव येण्यापूर्वीच उठून उभा राहत असे, म्हणजे बोलावे लागू नये. घरी वेखंड उगाळून जिभेवर लावणे झाले, तोंडात खडे ठेवून बोलणे झाले, 'दुसऱ्याची नक्कल केलीस म्हणून तुला लागले' हेही झाले. एकटी आजी तेवढी चुलीपाशी बसून म्हणे, "असू दे बापू, घाई कायची आहे? सांग, मी आयकून रायली ना." आणि तिच्यासमोर माझे शब्द येत. भजनी मंडळात खंजिरीबरोबर गाताना तर मी कधीच अडलो नाही. गाताना, किंवा चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना चाचरणारी माणसे सहसा अडत नाहीत, हे आता मला कळले. तेव्हा ते देवाचे देणे वाटे.

आज आपल्याला माहीत आहे की चाचरणे हे भित्रेपणाने, आळसाने किंवा नकलेने येत नाही. बोलणे ही शिकलेली हालचाल. आणि ती जुळवून आणणाऱ्या मेंदूच्या वाटांत थोडा फरक असतो. ते घराण्यात चालत येऊ शकते. शंभरांतली सुमारे पाच मुले लहानपणी केव्हातरी या अवस्थेतून जातात. त्यांतली बहुतेक आपोआप सुटतात. शंभरांत एखाद्याला ते मोठेपणीही राहते. पक्ष्यांतही याची छाया दिसते. एरिया एक्स मधल्या पेशींना इजा केल्यावर काही झेब्रा फिंच गाण्यातला एकच तुकडा पुन्हा पुन्हा म्हणू लागले, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले; आणि पुढे त्या भागात नव्या पेशीही आलेल्या दिसल्या.

एक मात्र स्पष्ट सांगतो. 'टी-टी-टी' म्हणजेच चाचरणे, असे कोणा शास्त्रज्ञाने म्हटलेले नाही. मीही म्हणत नाही. निरोगी पक्षी रोज करतो ती ती तयारी आहे. पण त्या तयारीने मला एवढे शिकवले की शब्द फुटण्यापूर्वी आत पुष्कळ काम चाललेले असते, आणि त्या कामाच्या वेळी बाहेरून 'लवकर बोल' म्हणणे म्हणजे पेटी जुळवणाऱ्याच्या हातावर मारणे आहे.

आता आमच्याकडे

चैत्रात आम्ही मुलाला नागपूरला वाचा-उपचाराच्या तज्ज्ञ बाईंकडे नेले. हे मी चार वर्षे आधी करायला हवे होते. 'मोठा झाला की जाईल, माझे नाही का गेले?' असे मी सगळ्यांना सांगत होतो. आणि ते खोटे होते. बाईंनी आम्हा दोघांनाही समोर बसवले. मुलाला काय करायचे ते थोडे सांगितले. आम्हाला मात्र पुष्कळ : त्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. 'सावकाश बोल' म्हणायचे नाही. आपण सावकाश बोलायचे. तो काय सांगतो ते ऐकायचे, कसे सांगतो ते नव्हे. मला आजीची आठवण झाली. तिने ना बाईंना पाहिले होते, ना फिंचला.

पिंजऱ्यातला तरुण नर जूनपर्यंत पक्का गाऊ लागला. गाणे बापाचे, आणि त्याआधीचे 'टी' ही बापासारखेच. मुलगा अजून चाचरतो; कमी झाले आहे, गेलेले नाही. पण तो आता थांबला तर थांबतो. डोळे मिटून घेत नाही. गेल्या महिन्यात शाळेत त्याला पक्ष्यांवर पाच वाक्ये बोलायची होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी सुरुवातीला थ... थोडा वेळ घेतो. आमचा पक्षी पण घेतो." मग त्याने पाचच्या ऐवजी नऊ वाक्ये सांगितली, असे त्याच्या बाईंनी कळवले.

मीही एक गोष्ट केली. या वर्षी पहिल्याच तासाला मी खडू शोधला नाही, चष्मा पुसला नाही. मुलांना सांगितले, "मी लहानपणापासून चाचरतो. कधी शब्द अडला, तर थोडे थांबा." कोणी हसले नाही. नंतर हजेरी घेताना शेवटच्या बाकावरचा साकोलीकडचा एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मागून कोणीतरी "हजर आहे, सर!" म्हणून सांगू लागले. मी हात वर करून त्याला थांबवले, पेन कागदावर तसेच धरून ठेवले, आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने शब्द आला.

"हजर, सर."

मी त्याच्या नावापुढे खूण केली आणि पुढचे नाव वाचले.